हार्ट तेवढं वाचता आलं

काजल बेटा,

दप्तर कोठीत आहे, चावी या चिठ्ठीखाली. मी मिरची घेऊन नंदुरबारला निघालोय.

काल तुझ्या वहीत इंग्रजीत 'हार्ट' दिसलं. माझ्या बाबांना नेलं त्या दवाखान्याच्या पाटीमुळे मला तेवढंच वाचता येतं. लगेच प्रेमाची चिठ्ठी समजून "हाई चिठ्ठी कोनी शे?" म्हणून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, पान फाडलं, शाळा बंद म्हणालो. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही.

मघाशी तुझ्या वर्गातल्या महजबीनने तिची वही वाचून दाखवली. बाईंनी साऱ्या वर्गाला पाच अक्षरांचे शब्द शोधायला दिलेत, एच आणि आर असलेले. चेअर, शर्ट, नॉर्थ. हार्ट त्यातलंच.

पान खळ लावून चिकटवलंय. शाळेत जा. संध्याकाळी ते शब्द मला ओट्यावर बसवून शिकव. मोठ्याने. गल्लीला ऐकू जाऊ दे.

आप्पा