तिसरा पुकारा

सातारा, १८ जाने. ९८, रवि.

कृपाच्या लग्नाचा पहिला पुकारा आज चर्चमध्ये झाला. वाचणारा बाप, ऐकणारी आई, नवरी तिसऱ्या बाकावर ओढणीचं टोक पिळत बसलेली. ह्यांनी चष्मा पुसून कागद धरला आणि पोटच्या मुलीचं नाव परक्यासारखं वाचलं. "सातारा मंडळीची कु. कृपा व सांगली मंडळीचा चि. विनय यांचा विवाह योजला आहे. कोणाची हरकत असल्यास तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत सकारण कळवावी." मागून कमलबाई मोठ्यांदा, "कशाची हरकत? लय ब्येस जोडा हाय!" सगळी मंडळी हसली. वेदीवर हेसुद्धा हसले. पाळकाशी संसार केला इतकी वर्षं, उपासनेत दात दिसले ते आजच.

सांगलीतही याच वेळी वाचलं असेल. अजून दोन रविवार. लग्न १२ फेब्रुवारीला, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत.

कृपा सत्तावीसची. पाळकाची मुलगी, त्यात नर्स, त्यात फटकळ, कोण करणार, असं माझ्या तोंडावर बोलून गेलेत लोक. बँकेतला, शांत, गायनमंडळात गाणारा जावई मिळाला. आता बोला म्हणावं.

२० जाने.

विहीणबाई कुंडलहून आल्या. पिशवीभर वांगी, हरभऱ्याचे डहाळे. विनयचं कौतुक संपेना. "आवं, आमचा इनू लय गरीब सोभावाचा. बा गेल्यापास्नं वर मान करून बोलला न्हाई." बेस्ट मॅन, म्हणजे नवऱ्याचा पाठराखा कोण, तर भरत. सांगलीत हळदीची पेढी आहे त्याच्या घरची, जैन. विनय आणि तो एकाच खोलीत राहतात, नोकरी लागल्यापासून. "त्यो आमच्यातला न्हाई, पर नाताळला केक घिऊन येतो. बिनअंड्याचा!" खूप हसलो दोघी. मी म्हटलं, लग्नानंतर बिचाऱ्याला दुसरी खोली बघावी लागणार. तर म्हणतात, "त्येलाबी बायकू बघू की आता."

२२ जाने.

पेपरात बातमी. हॉलंडमध्ये या १ तारखेपासून दोन पुरुष किंवा दोन बायका सरकारदरबारी नोंद करून जोडीने राहू शकतात. कायद्याने! ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं.  असले लोक असतात हे कानावर होतं. पण सरकार त्यांना शिक्का मारून देणार? म्हणजे पाप राहिलंच नाही कुठे?

हे म्हणाले, "गोऱ्यांनीच आपल्याला शुभवर्तमान दिलं आणि आता बघ गोऱ्यांचं." दुपारभर धुमसत होते. रविवारचा संदेश यावरच देणार म्हणाले. मी म्हटलं, लेकीच्या पुकाऱ्याच्या दिवशी हा विषय कशाला? तर म्हणे, त्याच दिवशी हवा. विवाह म्हणजे काय ते मंडळीला कळलं पाहिजे.

कृपा वाचेल म्हणून पेपर बंबात घातला. नर्स आहे, माझ्याहून जास्त बघितलं असेल तिने. तरी घातला.

२५ जाने., रवि.

दुसरा पुकारा. सुटाच्या मापासाठी विनय आणि भरत कालच आलेत, म्हणून पहिल्या बाकावर दोघं. भरत पहिल्यांदाच चर्चमध्ये. चपला बाहेर काढून आत आला, कमलबाई हरखली.

मग संदेश. हे असे कडाडले की खिडकीतली कबुतरं उडाली. विवाह देवाने नेमलेला, एक पुरुष, एक स्त्री, त्याला सरकार हात लावील तर त्या देशावर कोप होईल. मध्येच म्हणाले, "उद्या माझ्यासमोर दोन नवरेच येऊन उभे राहिले, तर मी ओढणी कोणाच्या डोक्यावर घालू?" मंडळी खो खो हसली. मीही. का नाही हसायचं? विनोदच होता.

विनयची मान शेवटपर्यंत खाली. मला वाटलं, किती भाविक पोरगा.

जेवायला भरतसाठी कांदा-लसूण न घालता मटकी केली होती, वेगळ्या भांड्यात. शिवला नाही. "भूक न्हाई, काकी." मटणाचा वास आला असेल घरात. वाईट वाटलं. पुढच्या वेळी त्या दिवशी मटणच करायचं नाही.

२७ जाने., मंगळ.

काय लिहू. काल विनय

सकाळी लिहिता येईना. आता बसते.

काल दुपारी हे कराडला, कृपा ड्यूटीवर. मी करंज्या तळत होते. मागच्या दाराने विनय. एकटा. सुट्टी आहे म्हणून आला असेल म्हटलं, पाट दिला. साखरपुड्यापासून मला आई म्हणतो. काल म्हणाला, "काकी, पुकाऱ्याला हरकत घ्यायचीय."

"कुणाची रे बाबा?"

"माझीच."

मी हसले. लग्नाआधी पोरांचे पाय लटपटतातच. म्हटलं, कृपा फटकळ आहे पण खाणार नाही तुला. तो हसला नाही. म्हणाला, "मी आणि भरत... काकी, आमी नुसते दोस्त न्हाई."

मला कळलं नाही. खरंच.  मग कळलं. कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या, धूर झाला, तरी गॅस बंद करायचं सुचेना. त्यानेच उठून केला.

किळस आली. खरं तेच लिहिते. मग राग. "साखरपुड्याला जीभ कुठे गेली होती?" ओरडले. शेजारी ऐकतील याचंही भान नाही. तो उभाच. म्हणाला, आईसाठी हो म्हटलं. वाटलं, लग्न झालं की आपोआप नीट होईल. सगळे तसंच म्हणतात.

"मग आता काय झालं?"

"रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं न्हवं, त्या देशावर कोप हुईल. मला वाटलं, तिथं निदान कुणाची पोरगी तरी फसत न्हाई."

मी जा म्हटलं. गेला. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही मी. माझ्या दारात असं कधी झालं नव्हतं.

२८ जाने.

ह्यांना सांगितलं. आधी विश्वास नाही. मग खुर्चीत बसले, बराच वेळ बूट घालूनच. मला वाटलं, आता उठतील, सांगलीच्या पाळकांना फोन करतील, लग्न मोडतील. रविवारी कोपाची भाषा करणारा माणूस.

तर म्हणाले, "हरकत कशाकशाची घेता येते, तुला माहीत आहे?" आणि बोटं मोजली. आधीचं लग्न असेल तर. जवळच्या रक्ताचं नातं असेल तर. वय कमी असेल तर. मुलाची किंवा मुलीची मर्जी नसेल तर. "यात हे कुठे बसतं? मर्जी नाही असं म्हणाला का तो?"

"हरकत आहे म्हणाला!"

"कारण धड नाही." मग हळू आवाजात, "प्रार्थना करू. संसाराला लागला, मूल झालं, की सुटेल."

परवा बसला त्याहून मोठा धक्का हा. परवा एका परक्या पोराबद्दल कळलं. आज नवऱ्याबद्दल. मी विचारलं, रविवारी वेदीवरून काय सांगत होतात? म्हणाले, "तो संदेश होता. हे घर आहे." पत्रिका वाटून झाल्या. कृपाला आता दुसरा कोण येणार. हेच हेच.

मी मोठी विचारवंत बाई नाही. त्या दोघांचं जे आहे ते मला पापच वाटतं, आजही वाटतं. हॉलंडच्या सरकारने काय करावं ते मला विचारून करणार नाहीत. पण माझी पोरगी वेदीसमोर उभी राहणार, तो तिचा हात धरून मरेपर्यंतची शपथ घेणार, ती खोटी आहे हे त्याला माहीत, मला माहीत, शपथ देणाऱ्या बापाला माहीत. मग आमचं पाप कोणत्या देशात नोंदवायचं?

ह्यांच्याशी बोलणं बंद. ताट वाढते, बोलत नाही.

३० जाने., शुक्र.

कृपाला सांगितलं. ह्यांना न विचारता.

ती ओढणीला लेस लावत होती. ऐकताना सुई थांबली नाही. मला भीती वाटली, रडेल, किंचाळेल. शेवटी दोरा तोडला आणि म्हणाली, "तो तुला सांगायला आला? मला नाही?"

मी म्हटलं, धीर झाला नसेल.

"पपांना कधी कळलं?"

"परवा."

"म्हणजे त्याला माहीत, तुला माहीत, पपांना माहीत, भरतला तर माहीतच. लग्न माझं, आणि मी शेवटची!" तेव्हा रडली. ओढणीतच तोंड खुपसून. मी पाठीवर हात ठेवला तर झटकला. नंतर स्वतःच जवळ आली. लहानपणी ताप आला की यायची तशी.

मी सांगितलं, रविवारी मी उभी राहते, हरकत घेते. म्हणाली, "आणि कारण काय सांगणार, आई? सगळ्यांसमोर?"  कारण सांगितलं तर विनयची नोकरी, त्याची आई, भरतची पेढी, काही शिल्लक राहणार नाही. तुला त्याची दया येते का, म्हणून विचारलं. "नाही. राग येतो. भयंकर राग येतो. पण वॉर्डात एक असा पोरगा बघितलाय मी, आई. घरच्यांना कळलं म्हणून औषध पिऊन आलेला."  

रात्री ती वेळेवर ड्यूटीला गेली.

१ फेब्रु., रवि.

तिसरा पुकारा.

ह्यांचा आवाज आज बसलेला. दोघांची नावं वाचली. "कोणाची हरकत असल्यास," इथे थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मला उठायचं होतं.  बाकाची कड धरली, उठते आहे, उठते आहे.

माझ्या आधी कृपा उठली.

"आहे."

 बाहेर निवडणुकीच्या रिक्षाचा भोंगा तेवढा ओरडत गेला. ह्यांनी कागद खाली केला. नियमाने विचारायचं ते विचारलं, ओठ हलले तसे, "कारण?"

"माझी मर्जी नाही."

बापाने मोजलेल्या चारांतलं एक. मी तिला ते सांगितलं होतं का? बोलता बोलता सांगितलं असेल. ह्यांना नाही म्हणता येईना. कारण धड होतं.

"लग्न होणार नाही," एवढं म्हणून हे बसले. पुढचं गीत कोणीच धरेना. शेवटी कृपानेच धरलं, उभी होतीच. आवाज कापत होता. मग एकेक जण मिसळत गेला.

मला तिचा अभिमान वाटला आणि वाईटही, दोन्ही एकदम. सगळं तिने अंगावर घेतलं.

३ फेब्रु.

गाव बोलतंय. पाळकाच्या मुलीचं दुसरीकडे असेल. इस्पितळातल्या डॉक्टरशी असेल. कमलबाई दळण घेऊन येताना कानाशी लागली, "बाई, पोरीचं काय चुकलंबिकलं न्हाई न्हवं?" मी दार लावून घेतलं.

सांगलीहून कळलं. तिथे तिसरा पुकारा बिनहरकत वाचला गेला. विनय बाकावर होता. उठला नाही. माझ्या स्वयंपाकघरात आणलेला धीर एवढाच होता तर. राग आला, अजून आहे. माझी पोरगी उठली, तू बसलास.

हे अंगणात येरझाऱ्या घालतात. काल पहिल्यांदा बोलले. "येत्या रविवारी कशावर बोलू, सुचत नाही." मी म्हटलं, काही दिवस गप्प बसावं माणसाने. रागावले नाहीत.

५ फेब्रु., गुरु.

विहीणबाई आल्या. विहीणबाई कसलं, आता कोण लागतात माझ्या. लग्नाचा शालू घेऊन आल्या होत्या, परत न्यायचा की ठेवायचा ते कळेना म्हणून. बसायला सांगितलं तर बसल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या.

"तुमच्या पोरीला दोष द्याय न्हाई आले, बाई. इनू दोन दिस जेवला न्हाई. इचारलं तर भित्तीकडं तोंड करतो. त्यो भरत येतो, त्योच भरवतो त्येला." मग पदर तोंडाला लावला. "येवढंच सांगा. माझ्या पोरात काय वाईट हाय का? असलं तर मला सांगा, मी त्येची आई हाय."

आतल्या खोलीत ह्यांची खुर्ची वाजली. कृपा दारात येऊन उभी राहिली, रात्रपाळीचे डोळे. तिने माझ्याकडे बघितलं. 

मी म्हटलं, "नाही. तुमच्या पोरात काही वाईट नाही."

आधी त्यांना पाणी दिलं. शालू पिशवीत नीट घालून दिला. रिक्षापर्यंत सोडायला गेले.

तेव्हापासून इथे बसले आहे. खोटं बोलले असेन तर पाळकाची बायको उंबऱ्यात उभी राहून एका आईशी खोटं बोलली. आणि खरं बोलले असेन तर