रस्त्याखालचा कान

ता. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील, हे मला इथून दिसतंय. पण बातमीच तशी आहे. संपादकांनी मला अखेर मुद्रितं तपासायच्या टेबलावरून उठवलं आणि आठवड्याचा विज्ञानाचा रकाना हाती दिला. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोराने लोकांना पदार्थविज्ञान समजावायचं, म्हणजे तलावातून पळालेल्याच्या हाती काठावरच्या जीवरक्षकाची शिट्टी देण्यासारखं, असं तू म्हणणारच. तेव्हा मीच म्हणून टाकतो. त्यांची अट एकच, आजीला कळेल असं लिहायचं. मला आजी नाही, म्हणून प्रयोग तुझ्यावर.

तर ऐक. आपले फोन, इंटरनेट, सगळं जमिनीखालच्या काचेच्या तंतूंतून धावतं. केसाएवढी काच आणि आत उजेड. एका केबलमध्ये असे पुष्कळ तंतू असतात आणि त्यांतले बरेचसे वापरातच नसतात. उजेड नाही म्हणून त्यांना काळे तंतू म्हणतात. आता शास्त्रज्ञांनी या रिकामटेकड्यांना कामाला लावलंय. एका टोकातून लेझरचे क्षणिक झोत सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक खोडी असतातच आणि प्रत्येक खोडीवरून किंचित उजेड मागे फिरतो. जमीन हलली की तंतू ताणला जातो, इतका थोडा की मोजायला लाज वाटावी. पण परत येणारा उजेड तेवढ्यानेही बदलतो, आणि कुठे बदलला तेही सांगतो. म्हणजे अख्खी केबल एक लांबच लांब कान होते. दूरचा भूकंप, डोंगर सरकण्याआधीची कुरकुर, सगळं तिला ऐकू येतं.

असा एक कान आमच्या शहरातही आहे हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तो निघतो, मोठ्या रस्त्याखालून जातो, पूल ओलांडून पलीकडच्या डोंगरावर चढतो. त्या डोंगराचा एक उतार खालच्या घरांवर घसरेल अशी भीती आहे, म्हणून त्याच्यावर कान ठेवलाय. आणि ते सांभाळतं कोण? भूकंपबाई! माझ्याच वर्गातली. हळू बोलायची आणि वर्ग हलवायची, म्हणून ते नाव. मी सरांच्या टेबलावर वही आपटून बाहेर पडलो तेव्हा सगळे हसले होते, ती एकटी हसली नव्हती.

आत्या, गेले कित्येक महिने कचेरी सुटली की मी रोज त्या रस्त्याने चालत जातो, कॉलेजच्या फाटकासमोर थोडा उभा राहतो आणि परत फिरतो. पुन्हा पाऊल टाकणार नाही असं सांगून आलोय ना. खांबांवरचे दिवे लागतात, पायाखालून तिचा उजेड डोंगराकडे चाललेला असतो, आणि मी दोन उजेडांच्या मधून तरंगत चाललोय असं वाटतं. हे रकान्यात छापता येणार नाही. तुला फुकट.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा भाचा


ता. १२ फेब्रुवारी

चि. काडीपेटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पहिली गोष्ट, मी आजी नाही. केस रंगवायचं मी सोडलं ते कंटाळ्याने, वयाने नव्हे. रकाना मात्र कळला. फक्त मोजायला लाज वाटावी इतकं म्हणजे किती, हे तू सांगितलं नाहीस. आणि लाज तुला कधीपासून वाटायला लागली?

वाचून मला आमचं जुनं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. आम्ही मुली रांगेने बसायचो, कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं, हातात दोऱ्या. अमक्याचं तमक्याशी जोडून द्यायचं आणि दोघं बोलायला लागले की कळ वर करायची. कळ वर म्हणजे आपला कान बंद. नवी मुलगी आली की तिला आधी कळ वर करायला शिकवायचे, जोडायला नंतर. म्हणून विचारते, तुमच्या रस्त्याखालच्या कानाला कळ आहे का? डोंगराचं ऐकायला बसलेल्या माणसाला वाटेत आणखी काय काय ऐकू येत असेल! हे तिला जरूर विचार. बोलायला निमित्तही मिळेल.

फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, हे मात्र आपल्या घराण्यातच आहे. तुझ्या बापाने तुझ्या आईच्या घरावरून सायकलच्या इतक्या फेऱ्या मारल्या, की शेवटी तिच्या वडिलांनीच त्याला थांबवून साखळीला तेल घालून दिलं. म्हणाले, यायचं तर या, पण तो कुईकुई आवाज सहन होत नाही. तुला कोणी तेल घालणारं भेटो.

वेळेवर जेव, वेळेवर नीज. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी आत्या


ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न विचारला. विचारला नसता तर बरं झालं असतं.

रकान्यातले आकडे तपासून द्यायला ती स्वतः कचेरीत आली. माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर आडवा पसरलेला आमचा रस्ता आणि वरून खाली सरकणारी वेळ. आत्या, इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही. गाड्यांचे जाड पट्टे, सायकलींच्या बारीक तिरप्या रेघा, चालणाऱ्या माणसांच्या त्याहून उभ्या, ठिपक्याठिपक्यांच्या. अख्खं शहर झोपेत कुशीवर वळावं तसं मंद हलत होतं. मग मी तुझं कळीचं विचारलं. कळ नाही, ती म्हणाली. एका रेघेवर बोट ठेवून हसली आणि म्हणाली की ही रोज संध्याकाळी येते, फाटकासमोर थांबते, परत जाते. तिने तिचं नावही ठेवलंय, परतीचा पाहुणा. कित्येक महिने बघतेय म्हणे.

माझ्या कानशिलात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. मी तिकडे स्वतःला विसरून चालतो, आणि इकडे माझी रेघ निघते, तिला टोपणनाव पडतं, ती बघून हसायचं! मी तिला जा म्हणालो. ती गेली. बसल्या बैठकीला मी लेख लिहिला, रस्ता तुम्हाला ओळखतो या मथळ्याचा. कोण कुणाच्या घरातून केव्हा निघालं, कुठे थांबलं, ते जमिनीखालच्या काचेला कळतं, असं ठणकावून लिहिलं. संपादकांनी पाठ थोपटली आणि रकान्यातून उचलून पहिल्या पानावर घेतला.

आता शहर पाहा. बेकरीवाला मांजराच्या पावलांनी दुकान उघडतो. निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या कचेरीत येऊन माझ्यावरच ओरडून गेल्या, की त्या कुठे फिरायला जातात ते रस्त्याने लक्षात ठेवायचं कारण काय. केबल नगरपालिकेच्या मालकीची आहे. ती प्रयोगशाळेकडून काढून घ्यायची का, यावर शुक्रवारी कॉलेजच्या सभागृहात सुनावणी आहे. काढून घेतली तर डोंगराच्या उताराकडे लक्ष ठेवायला दुसरं काही नाही, आणि तिची सगळी मेहनत मातीत. ती माझा फोन उचलत नाही.

पण तूच सांग, मी खोटं काय लिहिलं? आणि खोटं नाही तर मला झोप का लागत नाही?

उत्तर लवकर दे. रागावलीस तरी लिही.

तुझा भाचा


ता. २४ फेब्रुवारी

चि. काडीपेटीस,
आशीर्वाद.

लेखाचं कात्रण मिळालं. तो वाचून मीसुद्धा दोन दिवस घरात पाय न वाजवता चालले. मग लक्षात आलं की आमच्याकडे तार अजून खांबावरून येते. एवढं घाबरवणारं लिहितोस, तर रकाना तुला दिला हे बरोबरच झालं म्हणायचं.

तू विचारलंस खोटं काय. एक शब्द खोटा आहे, आणि तो नेमका मथळ्यात बसलाय. रस्ता ओळखतो! काचेला जमीन कुठे हलली एवढंच कळतं, हे पहिल्या पत्रात तूच मला शिकवलंस; कोण चाललंय ते तिला काय ठाऊक! मग तुला ओळखलं कोणी? एक्स्चेंजमध्ये लोकांना वाटायचं की आम्ही सगळ्यांना आवाजावरून ओळखतो. कुठलं काय! खरखरीत सगळे आवाज सारखेच. ज्याच्या फोनची वाट बघत असू तेवढाच ओळखू यायचा. यंत्राचा राग करायच्या आधी जरा याचा विचार केला असतास, तर तिला जा म्हणाला नसतास, गाढवा.

पण तुझ्या लेखातलं एक अगदी खरं आहे आणि ते मागे घेऊ नकोस. लोकांच्या दाराखालून कान नेला आणि त्यांना विचारलं नाही. ती हुशार असेल, गोड असेल, तरी तिचं चुकलंच. शुक्रवारी जा. जे खोटं ते खोटं म्हण, जे खरं ते खरं म्हण, आणि दोन्ही एकाच आवाजात म्हण. तुझा दुसरा आवाज मला माहीत आहे, तो घरी ठेवून जा.

काळजीत आहे. झालं की कळव.

तुझी आत्या


ता. १ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. फाटक ओलांडताना जग थांबेल असं वाटलं होतं. पहारेकऱ्याने मानही वर केली नाही.

सभागृह गच्च भरलेलं. तिने आदल्या संध्याकाळचा रस्ता पडद्यावर लावला, दिवे मंद केले, आणि आपापली रेघ ओळखा म्हणून सांगितलं. त्या निळसर अंधारात आपण सगळे आपलंच स्वप्न बाहेरून बघतोय असं वाटत होतं. मग पोस्टमन उठला आणि एक रेघ त्याची म्हणून दाखवली. बेकरीवाला म्हणाला, छे, ही तर त्याची. मुख्याध्यापिका उठल्या आणि म्हणाल्या की या शहरात इतकं सरळ त्यांच्याशिवाय कोणी चालत नाही, तेव्हा ही त्यांचीच. तिघांची एकच रेघ! लोक हसायला लागले. ती कोणाची हे तिलाही सांगता आलं नाही.

मग मी उभा राहिलो. खुर्ची सरकल्याचा आवाज बहुतेक डोंगरापर्यंत पोचला असेल. मी म्हणालो की रस्ता ओळखतो हे मी रागाच्या भरात लिहिलं आणि ते खोटं आहे. पण विचारल्याशिवाय ऐकलं हे खरं आहे, ते मागे घेणार नाही. तू सांगितलंस तसं, एकाच आवाजात. थोडा फाटला, पण एकच होता.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली की त्याचं बरोबर आहे. आणि स्वतःच तोडगा मांडला. पुलाच्या अलीकडचं काहीही यंत्राने साठवायचंच नाही, आलं तसं टाकून द्यायचं. आजवरचं साठलेलं चार लोकांसमक्ष पुसायचं. कान फक्त डोंगराला. नगराध्यक्षांनी विचारलं, उताराच्या कामात यामुळे काही बिघडेल का? ती नाही म्हणाली. मग आजवर रस्ता ठेवलाच कशाला? यंत्र तपासायला बरा पडतो, असं ती पुटपुटली आणि तिचे कान लाल झाले. सभागृहात त्याचा अर्थ एकट्या मलाच लागला असेल. केबल तिच्याकडेच राहिली. बाहेर पडताना मात्र ती माझ्यासमोरून थेट निघून गेली.

मी दुरुस्ती पहिल्या पानावरच हवी म्हणून अडून बसलो. संपादकांनी छापली, आणि रकाना काढून घेऊन मला पुन्हा मुद्रितांच्या टेबलावर बसवलं. त्याचं वाईट वाटत नाही. दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. काल तिने रस्ता पुसला. आता मी तिथे जन्मभर चाललो तरी तिला कळायचं नाही.

लोभाची आज जरा जास्त गरज आहे.

तुझा भाचा


ता. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आठवडाभर मी त्या रस्त्याला गेलो नव्हतो. कशाला जायचं, ऐकायला कोण आहे? काल कचेरी सुटली आणि पाय आपोआप वळले. वळल्यावर वाटलं, आपण पुन्हा तिला ऐकू जावं म्हणून चाललोय असं तिला वाटलं तर? म्हणून मी बूट काढून हातात घेतले. हसू नकोस म्हटलं ना! तिकडचा कान बंद झालाय हे मीच छापून आणलंय, मला पुरतं ठाऊक आहे. तरी घेतले. रस्ता दिवसभराच्या उन्हाने अजून ऊबदार होता आणि दिवे नुकते लागत होते.

बेकरीच्या अलीकडे ती समोरून येताना दिसली. कॉलेजकडून आमच्या कचेरीकडे. या बाजूला तिचं दुसरं काही काम असेल असं मला तरी वाटत नाही. ती थांबली, मीही थांबलो. तिने माझ्या मोज्यांकडे पाहिलं, हातातल्या बुटांकडे पाहिलं. आठ दिवस ती प्रयोगशाळेच्या खिडकीत बसून होती म्हणे, पण तिथून फाटक झाडाआड जातं. मी येऊन गेलो की आलोच नाही, हे तिला कळेना. इतरांसारखी वाट बघायची तिला सवयच राहिली नव्हती. न विचारता ऐकलं, नाव ठेवलं, ते चुकलं असंही ती म्हणाली. मी तिला जा म्हणालो होतो त्याबद्दल मलाही बरंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की उजव्या मोज्याला भोक आहे ते मला माहीत होतं.

ती हसली नाही. म्हणाली, पहिल्या पानाचा राग अजून गेलेला नाही, लवकर जाणारही नाही. पण उभ्याने रागावून तिचे पाय दुखायला लागलेत, तेव्हा मी बूट घालावेत आणि तिच्याबरोबर चालावं. चालता चालता रागावता येईल.

पुलापर्यंत तिने मला अखंड झापलं, आत्या. पुढे, जिथे कान अजून उघडा आहे, तिथून उताराखालच्या घरांकडे निघालो तेव्हाही ती बोलतच होती.

तुझ्या मायेत पुढेमागे आणखी एकीला जागा करावी लागेल, तेवढी तयारी ठेव.

तुझा
काडीपेटी