विमानाचे पाच वॉशर

३ मार्च १९८६
आजपासून आपल्या कारखान्यात हापशांचे सुटे भाग बनवणं बंद. नांदेडच्या उद्योजक मेळाव्यात लढाऊ विमानाच्या टर्बोफॅन इंजिनाच्या लॉक वॉशरचं ड्रॉइंग मिळालं. पाच नमुने पास झाले की ऑर्डर. वॉशर बांगडीएवढा; त्याचा कान दुमडला की नट हलत नाही. इंजिन उघडलं की जुना टाकायचा, नवा घालायचा. म्हणजे काम जन्माचं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही झाली नाहीत. जिल्ह्याला असं काहीतरी हवंच होतं.
आमचा टर्नर चंद्रप्पा म्हणाला, अक्का, दुष्काळात गावोगावचे हापसे बंद पडून राहिले अन् आपण आभाळाकडं बघावं काय? त्याला दूरदृष्टी नाही.

५ मार्च
कलेक्टर कचेरीचा माणूस आला. दोनशे हापशांचे भाग मागत होता. नाही म्हटलं. पाटी रंगवली: 'विमान इंजिनांचे सुटे भाग'.
चंद्रप्पा म्हणाला, ड्रॉइंगखाली बारीक बारीक लई लिवलंय, चष्मा करून घ्या. मी बी.एस्सी. आहे. बारीक अक्षरं महत्त्वाची असती तर मोठी छापली असती.

११ मार्च, सकाळ
नियम: वॉशरला उघड्या हातानं शिवायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.
दुपार: हातमोजे घालून चंद्रप्पाला मायक्रोमीटर धरता येईना. नियम उद्यापासून.

१९ मार्च
पाचही तयार. मापात बिनचूक. बॅच नंबर वॉशरवरच हवा, असं मी ठरवलं. भांड्यांवर नावं घालणाऱ्या सिद्धरामकडे नेले. माझं नाव आणि नंबर कागदावर दिला. बजावलं, भांड्यावर घालतोस तसंच नीट घाल. त्यानं विचारलं, अक्का, द्यायचेत कुणाला? म्हटलं, हवाई दलाला. त्यानं लगेच कागदावर तेही टिपून घेतलं. देशप्रेम.

२० मार्च
काठावरून गोल, नक्षीदार अक्षरं. स्वतः तपासली. उत्तम. रजिस्टरनं रवाना.

१७ एप्रिल
उत्तर नाही. चांगलं लक्षण. पाण्याचा टँकरही नाही, सहावा दिवस. चंद्रप्पा हल्ली जेवणाच्या सुट्टीतही लेथ चालवतो. सराव करायलोय, म्हणतो. मी लावलेल्या शिस्तीचं फळ.

६ मे
पत्र आलं, हिंदीत. खोलीत अंधार, म्हणून चंद्रप्पाला वाचायला लावलं. मापं बरोबर. पण ड्रॉइंगखालची तळटीप: भागावर कसलीही खूण नको, नंबर पाकिटावरच्या चिठ्ठीवर. ओरखड्यातून तडा सुरू होतो. नमुने नापास.
शिवाय वॉशरवर 'सौ. रत्नम्मा बिडवे यांजकडून हवाई दलास सप्रेम भेट' असं आहे. भेटवस्तू घेण्याची तरतूद नाही, सबब साभार परत. तिथं कुणीतरी मराठी असणार.
चंद्रप्पा हसला नाही. त्यानं लेथमागून दोन पोती ओढली. हापशांचे भाग, कलेक्टर कचेरीचे, दोनशे पूर्ण. म्हणाला, अक्का, रागावू नका. त्या माणसाला नाही म्हणवलं न्हाई.
रागावू कशाला? दोन्ही कामं जोडीनं चालवायची, हे माझं ठरलेलंच होतं. त्याला सांगायचं तेवढं राहिलं.

८ मे, सकाळी ११
पाटीवरचं 'विमान इंजिनांचे' पुसून 'हापशांचे' लिहायला सांगितलं. डॉक्टरला डोळे दाखवले, केवळ चंद्रप्पाचं मन राखायला. चष्मा सोमवारी.
सिद्धरामनं माफी म्हणून तांब्या पाठवलाय. त्यावर बरंच काही घातलंय. आज उजेड कमी आहे. सोमवारी वाचीन.