थांबायची खूण

रविवार, अठरा तारीख
दुपारी, गॅरेजात

चि. ठिणगी,

मामाचा आशीर्वाद तुला आहेच, तो पत्रात पुन्हा लिहून पातळ करत नाही.

तुझं पत्र मिळून आठवडा उलटला. उशिराची चार कारणं देता येतील आणि चारही पटतील, पण ती राहू दे. लिहायला जमत नव्हतं, एवढंच.

इकडे सगळे बरे. मामीचा गुडघा कुरकुरतो. मी वंगणाचा सल्ला दिला, तर त्या दिवशी दुपारचा चहा मिळाला नाही. ताई येऊन-जाऊन असते. तू सांगितल्याप्रमाणे तिला मी काही बोललेलो नाही. तुझ्या आईला कधी आणि किती सांगायचं, ते तुझं तू ठरव.

परवा म्हातारी सुरू केली. आपला तो जुना ट्रक आता रस्त्यावर जात नाही, पण आवारातून काढायलाही मन होत नाही. दोन आचके दिले आणि अशी खोकली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. धूर जरा काळा आहे, नोझल काढून साफ करायला हवेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, मामा, म्हातारी होतेय, होऊ द्या तिला. मी होऊ देत नाही.

मागच्या भिंतीपाशी तेलाचा तो रिकामा डबा अजून आहे. त्यावर उभी राहून तू मला गाडी मागे घ्यायला मदत करायचीस. शाळेचा गणवेश, एका वेणीची रिबीन सुटलेली, कोपरापर्यंत ग्रीस. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून किंचाळायचीस आणि इंजिनाच्या आवाजात मला ओ की ठो कळायचं नाही. भिंतीचा कोपरा तेव्हाच गेला. मामी अजून म्हणते मी पाडला. तो तू पाडलास, नोंद असावी.

मग वस्ताद सुट्टीवर आले. ते तेव्हा सैन्यात ड्रायव्हरांना शिकवायचे, आणि सुट्टीत घरी कमी, आपल्याकडेच जास्त असायचे. त्यांनी तुला डब्यावरून उतरवलं आणि सांगितलं, ओरडणं बंद, आमच्याकडे गाडी खुणेवर चालते. ड्रायव्हरला आरशात दिसशील अशा जागी उभी राहा. दोन्ही तळवे स्वतःकडे हलवले म्हणजे ये. मूठ वर केली म्हणजे थांब. मूठ खांद्याच्या वर हवी, कानाजवळ घुटमळणारी नको. मूठ नव्या रंगरुटाची असो नाहीतर स्वयंपाक्याची, चाकावर सेनापती असला तरी त्याने ब्रेक मारायचा. आणि मागचा माणूस आरशातून दिसेनासा झाला तरीही थांबायचं, कारण खूण दिसली नाही याचा अर्थ ‘ये’ असा होत नाही.

मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. जे येतं ते पाहून, पुस्तकं चाळून, हात भाजून घेऊन आलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्याने शिकवलेलं मी सहसा लवकर मानत नाही. हे मानलं.

तू मात्र वस्तादांची परीक्षा घेतलीस. ते म्हातारीच्या चाकावर, एका हातात चहाचा पेला, मागे चिटपाखरू नाही, आणि तू उगाचच मूठ वर केलीस. त्यांनी करकचून ब्रेक मारला. चहा सगळा मांडीवर. काय झालं म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, काही नाही, थांबता का ते बघत होते. मला वाटलं आता कान धरतात. पण ते पोट धरून हसले आणि म्हणाले, बरोबर केलंस पोरी, आधी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की ही सैन्यात ड्रायव्हर होणार. पुढे भरतीलाही तेच तुला घेऊन गेले. मी दारात उभा राहून नाक शिंकरत होतो आणि मामीला सांगत होतो की रंगाचा वास चढलाय.

ते हसणं आठवतं, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय. वस्ताद बुधवारी आले होते.

निवृत्तीनंतर येतात तसेच आले, टोपी कामाच्या टेबलावरच्या व्हाइसवर ठेवली, म्हातारीची चौकशी केली. मग हळूहळू विषयावर आले. तुझ्या तुकडीतून त्यांना फोन आला होता. ज्याच्याविरुद्ध तू तक्रार केलीस तो प्रशिक्षकही त्यांचाच शिष्य, लाडका. ते म्हणाले, माणूस कामाचा आहे, त्याला बायकामुलं आहेत. पोरीने तक्रार मागे घेतली तर तिची हवी तिथे बदली होईल. घरातली गोष्ट घरात राहील. तू मामा आहेस, तुझं ऐकेल ती.

मी पाना पुसत होतो. तू पत्रात तो शब्द सरळ लिहिलास आणि मी इतके दिवस ‘ते प्रकरण’ म्हणत होतो, मनातल्या मनातसुद्धा. आता लिहितो. त्याने तुझ्यावर जबरदस्ती केली. ठिणगी, हे एक वाक्य लिहायला मला पत्राचं एवढं पान लागलं. तू ते त्याच दिवशी डॉक्टरीण बाईंसमोर बोललीस आणि वर सहीसुद्धा केलीस.

वस्ताद बोलतच होते. मी पाना खाली ठेवला आणि मूठ वर केली, खांद्याच्या वर, त्यांनी शिकवली तश्शी.

ते वाक्याच्या मध्येच थांबले. तोंड उघडंच राहिलं.

मी म्हणालो, “वस्ताद, तुम्ही थांबलात. कारणसुद्धा विचारलं नाहीत.”

ते माझ्या मुठीकडे बघत राहिले. मग उठले आणि टोपी तिथेच विसरून गेले. चहा केलेला होता, तो मी ओतून दिला. इतक्या वर्षांची मैत्री, आणि ते पाठमोरे जाताना मला त्यांचे खांदे ओळखू येईनात.

शुक्रवारी टोपी न्यायला आले. दारातच उभे राहिले, टोपी मी तिथेच हातात दिली. तुझ्याआधी एक होती, म्हणाले. त्याच माणसाची तक्रार घेऊन ती त्यांच्याकडे आली होती, कारण तिला वाटलं हे वडीलधारे आहेत. त्यांनी समजूत घालून तिला गप्प केलं. तिने वर्षभरात नोकरी सोडली. हे सांगताना त्यांचा हात टोपीची कड चाचपत होता.

“चौकशीत सांगाल?” मी विचारलं.

“विचारलं तर सांगेन.” टोपी डोक्यावर चढवली, मग म्हणाले, “न विचारताही सांगेन.”

मी त्यांना या बसा म्हटलं नाही. जमलं नाही मला. कधी जमेल ते माहीत नाही. त्यांना साक्षीला बोलवायचं की नाही, तेही तूच ठरव, आणि नाही म्हणालीस तर मी कारण विचारणार नाही.

आता तुझ्या पत्रातल्या एका ओळीबद्दल. तू लिहिलंस, ‘मी नको म्हणाले, पण बहुतेक पुरेशा जोरात नाही.’ ही ओळ मी गॅरेजात वाचली, घरी वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. तुझी चूक मी कधी पाठीशी घातलेली नाही, भिंतीचं वर लिहिलंच आहे. म्हणून माझ्यावर विश्वास ठेव: आवाजाचा प्रश्न कधीच नव्हता. म्हातारीमागे तू एवढीशी मूठ वर करायचीस, तोंडातून चकार शब्द नाही, आणि एवढं मोठं धूड जागच्या जागी थांबायचं. थांबायचं काम चाकावर बसलेल्याचं असतं. चौकशीत कुणी विचारलंच, की ओरडली का नाहीस, तर त्यांना त्यांचाच नियम सांग.

चौकशीला तुझ्याबरोबर घरचं एक माणूस बसू शकतं, असं तू लिहिलंस, आणि खाली ‘पण कुणी येऊ नका’ असंही. पहिल्यांदा मी वरचंच वाचलं आणि बॅग भरली. इस्त्रीचा सदरा, जास्तीचा चष्मा, मामीने ठेवलेली शाल. मग खालची ओळ पुन्हा वाचली. ती मूठ मला दिसली, ठिणगी. म्हणून तिकीट काढलेलं नाही.

बॅग दाराशी आहे. फोन उशाशी ठेवतो. तळवे हलवलेस तर निघेन, नाही हलवलेस तर इथेच आहे, तुला आरशात दिसेन अशा जागी.

तुझ्या खुणेवर थांबलेला,
मामा