सुलतानपूरच्या गाडीचे मोकळे किलोमीटर

सोम. १७ नोव्हें.
साहेबांनी (सा.) यादी मागितली. जिल्ह्यातली एक रुग्णवाहिका पिंपळगाव राजा या गावाकडे हलवायची आहे, कमी कामाच्या ठिकाणची. यादी मीच केलेली, सुलतानपूरच्या गाडीवर लाल खूणही माझीच. तिचे मो.कि. (मोकळे किमी, पेशंट नसताना पळालेले) सगळ्यांत जास्त. सा. म्हणाले, "एकदा बघून या, मग सही करतो." ड्रायव्हर समाधान इंगळे, बरीच वर्षं तिथेच. डिझेल विकतो की गाडीने सासुरवाडीच्या फेऱ्या करतो, बघू. चोर पकडायला निघाल्यासारखा उत्साह आलाय मला.

मंगळ. १८
बसने कंबर ढिली झाली. समाधान गाडी पुसत होता. पन्नाशीचा, हळू बोलणारा. चहा पाजला. मी थेटच विचारलं, एवढी मोकळी गाडी कुठे पळते?
"रस्ते पाहाले जातो, मॅडम."
"काऊन?" रागात माझं वऱ्हाडी बाहेर येतंच.
"बसा, दाखवतो."
गावोगावच्या आशाताईंकडून तो नववा महिना लागलेल्या बायांची नावं घेतो. प्रत्येकीच्या दारापर्यंत आधीच एकदा गाडी नेऊन येतो. कुठे वळते, कुठे तार खाली लोंबते, कुणी रस्त्यातच सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, टाकलंय, सगळं बघून ठेवतो. सांगितलं कुणी? कुणी नाही.
टेकडीमागच्या वस्तीवर त्यांतल्याच रेखाच्या घरी थांबलो. तिची सासू कमलबाई पाणी घेऊन आली. "हे गाडी दारात येऊन गेली का पोरीले भेव नाही वाटत." रेखा दारातून हसली. पहिलटकरीण आहे.
परत येताना मी वही उघडलीच नाही. हा माणूस आणि माझी लाल खूण. लाज वाटली.

बुध. १९
सा.ना फोनवर सगळं सांगितलं. ते वाईट नाहीत. "पटतं हो. पण पिंपळगाव राजाकडे दुसऱ्या गावाहून गाडी येईपर्यंत लोक ताटकळतात. तीही माणसंच ना? आकडा खाली आला तर मला वर बोलता येईल."
लगेच सुचलं. समाधानला सांगितलं, आठ-दहा दिवस कॉल आला तरच गाडी हलवायची. आकडा सुधारेल, गाडी वाचेल. मग "बरं, मॅडम."
जमलं एकदाचं.

मंगळ. २५
मो.कि. जवळजवळ शून्य! सा. खूश, मी त्याहून. संध्याकाळी घरी हौसेने शेवभाजी केली.

गुरु. २७
आत्ताच दवाखान्यातून आले.
नव्या आकड्यांच्या कागदावर समाधानची सही घ्यायला सुलतानपूरला गेले होते. साडेअकराला कॉल, रेखाचाच. गाडीवरच्या डॉक्टरताई मागे, मी पुढे. वस्तीच्या अलीकडे रस्ता आडवा खणलेला. पाण्याची पाइपलाइन, चार दिवसांपूर्वीचं काम. बाजूने जायला जागा नाही. तिथून मागे, मग टेकडीला वळसा, कुणाच्या तरी कपाशीच्या बांधाने. पंचवीस मिनिटं गेली.
समाधानने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.
कमलबाई दारात उभी. "आज काऊन उशीर केला रे समाधान?"
"रस्ता पाहाचा राह्यला, मावशी. माहीच चूक."
माहीच! मी शेजारी बसलेली, आणि माझं तोंड उघडलं नाही.
मूल गाडीतच झालं. मुलगी. रडेना. डॉक्टरताई खाली मान घालून काम करत होत्या, समाधान खड्डे चुकवत होता, मी कमलबाईचा हात धरून नुसती... मग रडली. बारीक आवाजात, पण रडली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येत नाही.

शुक्र. २८
अहवाल लिहिला. रस्ता पाहणं बंद करायला मीच सांगितलं होतं, हेही नाव घालून लिहिलं. सा.नी दोनदा वाचलं.
"हे असंच वर पाठवू?"
"हो."
"आणि पिंपळगाव राजाला काय सांगू?"
त्यांचंही खरंच आहे.

सोम. १ डिसें.
वरून काही आलेलं नाही. गाडी राहणार की जाणार, कुणालाच माहीत नाही.
सकाळी समाधानचा फोन. पोरगी पेटीबाहेर आली, दूध प्यायला लागली. मी टेबलाशीच रडले, बाजूचे बाबू बघत होते. बघू देत.
मग त्याला म्हटलं, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?
"नाव घेऊन रस्ता थोडाच भेटला असता, मॅडम?" जरा थांबून म्हणाला, "दोघी जणी नवव्यात लागल्या. एकीच्या गावाले बरेच दिवस गेलो नाही. जाऊ काय?"
बंदी मी तोंडी घातली होती, अधिकार नसताना. उठवायचाही अधिकार नाही. म्हटलं, जा. लगेच. मग तेच कागदावर लिहून खाली सही केली आणि सा.च्या टेबलावर ठेवलं.
सा. दौऱ्यावर आहेत, बुधवारी येतील. तोवर समाधानचा रस्ता बघून झालेला असेल.