यादीतून उतरलेले देवमासे

अम्मा, त्या देवमाशांचा पुन्हा आढावा घेणार आहेत. परवा ऑफिसात जेवताना फोनवर बातमी वाचली आणि पुढ्यातला डबा तसाच राहिला. बातमीत तुमचं नाव नव्हतं, असायचं कारणही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता घरात तुमच्याविषयी बोलताना कोणी आवाज खाली करत नाही. पण सोबत एका शेपटीचा फोटो होता, काळा-पांढरा, आणि तो पाहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे तुम्हाला सांगायला हवं. आता सांगणार कसं, म्हणून लिहायला बसले.

मी नाशिकहून चेन्नईला, तिरुवल्लिकेणीच्या तुमच्या घरी आले आणि लग्नाची हळद उतरते न उतरते तोच तुमचा मुलगा कंपनीच्या कामावर अमेरिकेला गेला. 'ऑनसाइट' हा शब्द त्या वर्षांत आमच्या पिढीच्या प्रत्येक संसारात तिसऱ्या माणसासारखा राहत असे. घरात उरलो आपण दोघी. तुम्ही, मुलींच्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आणि मी, नुंगंबाक्कमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी. दोघींची भाषा मराठी, आणि अडचणही तीच. तुमचं तंजावरी मराठी मला कीर्तनकाराच्या तोंडचं वाटायचं, माझं तुम्हाला रेडिओवरच्या बातम्यांसारखं. पहिल्याच रविवारी तुम्ही विचारलंत, "तुज सांबार आवडतें कीं नाहीं?" मी म्हटलं, आवडतं, आमच्याकडे इडलीबरोबर करतात. तुम्ही हातातली पळी खाली ठेवलीत. "इडलीबरोबर? अय्यो! सांबार आमचें, तंजावरच्या मराठ्यांचें. ह्या मद्रासेस आम्ही शिकविलें." त्यानंतर कितीतरी दिवस आपलं बोलणं दूध, भाजी आणि पाण्याची लॉरी आली का, एवढ्यावर भागत होतं.

मग एका दुपारी कुरियरवाल्याने तो जाडजूड गठ्ठा आणून दिला. परदेशातल्या एका शास्त्रीय समितीने तुमचं मत मागितलं होतं. उत्तरेच्या थंड समुद्रातले कुबडवाले देवमासे एकेकाळी शिकारीने संपत आले होते; मग शिकारीवर बंदी आली आणि त्यांना संकटग्रस्तांच्या यादीत घातलं गेलं. आता ते त्या यादीत ठेवावेत की काढावेत, असा प्रश्न होता. एखाद्या जातीचे प्राणी एकंदर किती उरलेत याचा अंदाज कसा बांधावा, यावर तुम्ही पूर्वी काम केलं होतं, आणि समितीला बाहेरचा, त्रयस्थ माणूस हवा होता. तुम्ही लगेच कळवलंत की मी अगदीच त्रयस्थ नाही, तरुणपणी याच देवमाशांसाठी मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर उभी राहून लोकांच्या सह्या गोळा केल्या आहेत. तरी चालेल, असं त्यांचं उत्तर आलं. तुम्हाला कॉम्प्युटरचा कंटाळा. तुम्ही माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलात, पहिल्यांदाच, आणि म्हणालात, "तूं दिवसभर तेंच करतेस ना? मज थोडें करून देशील?"

आपण दोघींनीही जिवंत देवमासा कधी पाहिलेला नव्हता. तरी त्यानंतर आपलं घर देवमाशांनी भरून गेलं. बुडी मारण्याआधी तो शेपूट पाण्याबाहेर उचलतो, आणि त्या शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी हातावरच्या रेषांसारखी ज्याची त्याची वेगळी असते, हे तुम्ही मला शिकवलंत. कुठल्या शेपट्या पुन्हा पुन्हा भेटतात आणि किती नव्या दिसतात, यावरून समुद्रात एकूण किती असतील ते काढायचं. हॉलच्या जमिनीवर गठ्ठ्यातले फोटो पसरले आहेत, ते उडू नयेत म्हणून पंखा बंद आहे, घामाने तुमचं कुंकू ओघळलंय, आणि मी गुडघ्यांवर रांगत एकेका शेपटीला नाव देते आहे: फुलपाखरू, खडूची रेघ, सांडलेलं दूध. तुम्ही चष्म्यावरून बघता. "नांवें कशास? ते काय तुझे दीर आहेत?" पण दुसऱ्या दिवशी तुम्हीच विचारता, "तें सांडलेलें दूध कोठें गेलें?"

आकडे चांगले निघाले. तुमची जुनी पद्धत मी कॉम्प्युटरवर बसवली, उलटून पालटून पाहिली, प्रत्येक वेळी तेच. देवमासे वाढले होते, धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर गेले होते. मला आनंद व्हायला हवा होता आणि मी हिरमुसले. तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून विळीवर फरसबी चिरत होता.

"म्हणजे काढायचं त्यांना यादीतून?"

"गणित तसें सांगतें तर काढायचें."

"राहू द्या ना, अम्मा. राहिले यादीत तर कुणाचं काय बिघडतं? सावधपणा म्हणून."

तुमचा हात थांबला. "सावधपणा वेगळा, हट्ट वेगळा. तुज ते आवडतात म्हणून ते मरावयास टेकले, हें कोठलें शास्त्र?" मला इतकं लागलं की डोळे भरून आले. माझ्या आईनेसुद्धा मला कधी असं फटकन तोडलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि आवाज बदलला. "अगे, जगले ते. जगलेल्यापायीं कोणी रडतें कां?"

पुढच्या रविवारी तुम्ही मला शहराच्या उत्तर टोकाला, एन्नोरला नेलंत. कशासाठी ते सांगितलं नाहीत. नऊवारीच्या धाकात वाढलेल्या तुम्ही, साध्या सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून लोकलमधून उतरलात आणि खाडीच्या दिशेने अशा चालू लागलात की मी मागे पडले. समोर वीजकेंद्रांच्या चिमण्या, काठाला राखेचा करडा गाळ, आणि पाण्याला कसलीशी उग्र घाण. कॉलेजात असताना तुम्ही दर वर्षी मुलींना इथे आणायचात. "ह्या ठायीं माझ्या पोरी शिंपले मोजीत. कोळंबी, खेकडे, मोजून थकत. संध्याकाळीं हातापायांस चिखल, पण काळा नव्हे." तुम्ही बुटाच्या टोकाने गाळ उकरून पाहिलात. मग म्हणालात, "संकट हा फार मोठा शब्द आहे, कण्णा. ज्याचें संकट टळलें त्याजवरून तो काढून घ्यावा लागतो, तेव्हां तो दुसऱ्याच्या उपयोगीं पडतो. सगळीकडे डकवून ठेवला तर कोणी ऐकत नाहींत." लाडक्या लेकराला तमिळमध्ये कण्णा म्हणतात, हे मला तोवर कळलं होतं. येताना गाडीत तुम्हाला झोप लागली आणि तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी स्टेशन येईपर्यंत हललेसुद्धा नाही.

मला वाटलं, वाद संपला. पण खरा वाद तर पुढे होता. तुमची शाळेपासूनची मैत्रीण मैलापूरहून दर रविवारी संध्याकाळी कॉफीला यायची. मरीनावर सह्या गोळा करताना तीच तुमच्या शेजारी उन्हात उभी होती, आणि तिने ते काम पुढेही सोडलं नव्हतं. तिला तुम्ही सगळं सांगितलंत. दोघी तमिळमध्ये बोलत होता, पण एव्हाना मला कळू लागलं होतं.

"तू सही करणार? तू?" ती म्हणाली.

"आपण ज्याच्यासाठी उभ्या राहिलो ते झालं. आपण जिंकलो. तेवढं म्हणायला इतकं जड का जातंय तुला?"

"उद्या शिकारीवाले तुझाच कागद नाचवतील. तेव्हा मला सांग, कोण जिंकलं ते."

ती उठली, चपला घातल्या आणि गेली. तिच्या दवऱ्यात, त्या पसरट वाटीत, कॉफी तशीच होती. त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही मात्र दूध तिघींना पुरेल इतकंच तापवत होता, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळवून पाहत होता. मी म्हटलं, मी जाऊन बोलू का त्यांच्याशी? "नको. ती चुकत नाहीं. तिचें भय खोटें नाहीं. मीं फार लवकर उत्तर काढलें, असें मज वाटतें."

आणि तुम्ही सगळे फोटो पुन्हा जमिनीवर मांडायला लावलेत. या खेपेला, हिवाळ्यात कुठला देवमासा कुठल्या उबदार पाण्यात पिल्लं घालायला जातो, त्याप्रमाणे वेगवेगळे ढीग केले. बहुतेक ढिगांत जुन्या शेपट्यांबरोबर नव्या शेपट्या भरपूर होत्या. पण एका बाजूच्या उपसागरात जाणाऱ्या छोट्या टोळीचे फोटो मी लावत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी सगळ्यांना ओळखते आहे. सांडलेलं दूध, खडूची रेघ, पुन्हा सांडलेलं दूध. वर्षानुवर्षं तेच. नवा कोणीच नाही. बाकीच्यांच्या भरभराटीत ही टोळी बेरजेत झाकली गेली होती. मी हाक मारली तशा तुम्ही जमिनीवर माझ्या शेजारी येऊन बसलात, गुडघे दुखत असतानाही, आणि एकेक फोटो उचलून पाहिलात. मग माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "ठेविलेलीं नांवें कामास आलीं गे!" त्या दिवशी तुम्ही डांगराची पच्चडी, ती उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, केलीत आणि मला तीनदा वाढलीत.

तुमच्या अहवालात तुम्ही लिहिलंत: इतर सगळे यादीतून काढावेत, ही एक टोळी वेगळी मोजावी आणि संकटग्रस्तच ठेवावी, शिकारीची बंदी मात्र सगळ्यांवरच राहावी. मी टाइप करत होते आणि तुम्ही मागे उभ्या राहून सांगत होता. शेवटी तुम्ही सही केलीत. समितीचा निर्णय यायला बराच काळ गेला, आणि तो बहुतांशी तुम्ही म्हणालात तसाच आला. ते वाचून तुम्ही उठून देवापाशी दिवा लावलात आणि आत जाऊन पडून राहिलात. मैत्रिणीला कळवू का म्हणून विचारलं, तर नको म्हणालात.

तिला कळलं कुठूनतरी. एका रविवारी जिन्यावर पावलं वाजली आणि ती आमच्याकडच्या चकलीसारख्या मुरुक्कूची पिशवी घेऊन दारात उभी. आत आली, स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी बसली आणि म्हणाली, "मला अजून पटलेलं नाही."

"नको पटू दे," तुम्ही म्हणालात. "कॉफी घे."

ती तुमच्या आजारपणात रोज यायची, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही गेल्यावरही काही वर्षं ती रविवारी येत राहिली. आम्ही दोघी तुमच्याबद्दल भांडायचो, तुम्ही बरोबर होता की नाही यावर. आणि गंमत म्हणजे तुमची बाजू मी घ्यायचे.

आता बातमी अशी आहे की त्या छोट्या टोळीत पिल्लं दिसू लागली आहेत, आणि तिलाही यादीतून काढायचं का, हे ठरवायचं आहे. मी ते वाचलं आणि हट्ट करावासा वाटला नाही. मोजू दे त्यांना नीट. सांगतील ते ऐकू.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक गोष्ट लिहून टाकते. शेपट्यांचं काम निम्म्यावर आलं होतं तेव्हा अमेरिकेहून तुमच्या मुलाचा फोन आला होता. कंपनी त्याला आणखी काही महिने थांबशील का म्हणून विचारत होती. तो म्हणाला, नाही म्हणता येईल, तू सांगशील तसं करतो. तुम्हाला मी सांगितलं की कंपनीने त्याला अडकवून ठेवलंय, आणि माझी समजूत काढायला म्हणून तुम्ही त्या संध्याकाळी मला मरीनावर फिरायला नेलंत, शेंगदाणे घेऊन दिलेत. अम्मा, थांब असं मीच म्हटलं होतं त्याला.