बेकरीवाल्याची तिसरी मॅरेथॉन

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. सध्या वाकणं फक्त पत्रातच जमतंय.

कालची मॅरेथॉन पूर्ण केली. गुडघा ठीक आहे, फक्त जिना उलटा उतरावा लागतो. आईला हे सांगू नका.

साडेचार तासांत संपवायचं ठरवलं होतं, पण पाच तास वीस मिनिटं लागली. झालं असं, की आमच्या गटातला बेकरीवाला तिसाव्या किलोमीटरला फुटपाथवर बसला. याआधी दोनदा त्याने तिथेच हाय खाल्ली होती. "तू हो पुढे, तुझी वेळ जाईल," म्हणाला.

वर्षभर भट्टीचं काम उरकून रोज तोच मला पळायला ओढून न्यायचा. त्याला सोडून माझा पाय निघेना. "त्या खांबापर्यंत चल, मग बस," म्हटलं. असे खांबामागून खांब मागे टाकले. शेवटची रेघ ओलांडल्यावर साठीचा तो माणूस ढसाढसा रडला आणि वर माझ्यावरच ओरडला, "घालवलीस ना स्वतःची वेळ!"

दादा म्हणतो, ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही खोलीबाहेरच पडत नाही. खरं का? मी रागावत नाही. वीस तारखेला येतेय. तोवर फाटकापर्यंत तरी चाला, पुढचं आपण दोघं मिळून बघू.

तुमची,
धाकटी